जमनाबाईचा पाट कुठे लागला

कळसाडीत कुणाच्या बैलाला कुणी नजर लावली, म्हसावदच्या बाजारात कुणाची सून कुणाशी बोलत उभी होती, हे विचारायचं झालं की बायका जमनाबाईकडे जात. तिचं सांगणं पक्कं असे, कारण ऐकलेल्यावर ती थांबत नसे, स्वतः जाऊन बघून येई. पहाडातून ऊस तोडायला आलेल्या बायका कसला पाला शिजवतात, हे तिने त्यांच्या चुलीपाशी बसून, खाऊन ठरवलं होतं. तिचा नवरा छगन म्हणजे अबोल माणूस. तो म्हणे की ही बाई यमाच्या दारात गेली तरी आधी दाराचं लाकूड कसलं आहे ते विचारील.

अशा या बाईला एकाच गोष्टीचा पत्ता लागला नव्हता. तिचं स्वतःचं लग्न कुठे लागलं, हे तिला ठाऊक नव्हतं.

पहिल्या लग्नाबद्दल हे नाही. ते तिच्या बापाच्या दारात मांडव घालून, वाजंत्री लावून झालं होतं. तो नवरा मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला. साथ आली तेव्हा घराआड एक माणूस जात होता, त्यात तोही गेला, आणि जमनाबाई विशीच्या आत पांढऱ्या कपाळाची झाली. दोनेक वर्षांनी कळसाडीच्या छगनशी तिचा पाट लागला. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला त्यांच्यात पाट म्हणत. तो दारात लागत नसे. मांडव नाही, हळद नाही, वाजंत्री नाही. अवसेच्या सुमारास, अंधारात, वस्तीपासून बाजूला एखादी जागा बघायची, दोघांना शेजारी बसवायचं, पदराला उपरण्याची गाठ मारायची, तोंडात गुळाचा खडा द्यायचा की झालं. सवाष्णींनी तिकडे फिरकायचं नाही. आणि नवरीला जागा कळू द्यायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. लोक सांगत की मेलेला नवरा बायकोच्या डोळ्यांनी बघतो. तिने जागा पाहिली की त्यानेही पाहिली. मग तो तिथे येऊन बसतो आणि नव्या संसाराला सुख लागू देत नाही.

म्हणून जमनाबाईला डोक्यावरून घोंगडी घालून गाडीत बसवलं होतं. गाडी बराच वेळ चालली. कधी दगडावरून गेली, कधी मऊ मातीतून, एकदा पाण्यातूनही गेली. कुठेतरी उतरवलं, बसवलं, गाठ मारली, गूळ दिला. घोंगडीच्या आत लोकरीचा आणि गुरांचा वास होता, एवढंच तिच्या हाती लागलं. पुन्हा गाडीत घातलं, पुन्हा गाडी चालली, आणि घोंगडी काढली तेव्हा ती छगनच्या घरात होती.

तिने छगनला विचारलं. तो म्हणाला, बापाने शपथ घातली आहे. पुढे सासरा वारला, तेव्हा तिने पुन्हा विचारलं. तो उठून बैलांना पाणी पाजायला गेला. त्यानंतर ती मनातल्या मनात शोधत राहिली. पाण्यातून गाडी गेली म्हणजे नाल्यापलीकडे, दगड लागले म्हणजे टेकाडाच्या अंगाला, असे आडाखे बांधी. तिची लेक पारू लहानपणी एकदा भाकरी खाता खाता म्हणाली होती, माय, तुन्हं लगीन कोठे लागनं? जमनाबाईने पिठाच्या हाताने सातपुड्याकडे बोट दाखवलं आणि तिला दुसरी भाकरी वाढली. सबंध डोंगर दाखवला की चूक होत नाही, एवढा विचार तिने त्या घटकेला केला असणार.

आता गंमत बघा. पाटाच्या वेळी नवरीसोबत एक बाई लागे, आणि सवाष्ण चालत नसे. पाटाच्या बायकोला सवाष्णीत धरत नसत, म्हणून जातीचे पुढारी भाईदासबाबा जमनाबाईला बोलवू लागले. पहिल्याच खेपेला तिने त्यांना सुनावलं की ही जागा कामाची नाही, वाटेवरून दिसते आणि इथे कुत्री फार. पुढच्या खेपेला बाबांनी तिलाच जागा बघायला सांगितली. तेव्हापासून ते काम तिचं झालं. तिची नजर त्यात तयार झाली. पाणवठ्याची वाट जवळ नको, कारण सकाळी सवाष्णीचा पाय पडेल. कुणाच्या घरचा दिवा दिसायला नको. आजूबाजूच्या गावांतूनही निरोप येत. जागा ती बघे, नवरीच्या डोक्यावर घोंगडी ती घाली, गाडीला कुठून वळवून न्यायचं ते ती सांगे, आणि कुठल्याही नवरीने तिला मागाहून पत्ता विचारला तर ओठ शिवून घेई. त्या एका बाबतीत गावातली सगळ्यात बडबडी बाई विहिरीसारखी गप्प, म्हणून बाबा तिचं कौतुक करत, आणि कौतुक तिला आवडे.

अशात तिच्या भावाची लेक रेवाबाई तिच्याकडे राहायला आली. रेवाचा नवरा लग्नानंतर वर्षभरात पोटाच्या दुखण्याने गेला होता. भाऊ आधीच वारलेला, भावजय तोंडाची तिखट, तेव्हा जमनाबाईने पोरीला आपल्याकडे आणलं. रेवा कामाला वाघीण होती आणि बोलायला छगनची लेक शोभली असती. दोन वर्षांनी म्हसावदच्या रूपसिंगकडून विचारणा आली. बायको वारलेली, मूल नाही, चार बिघे कपाशी, तोंडात शिवी नाही. जमनाबाईने म्हसावदला जाऊन, त्याच्या शेजारणींकडे बसून सगळी चौकशी केली होती, म्हणजे त्यात खोट नव्हती. त्याच्या घरच्यांचं म्हणणं एवढंच की होळीच्या आधी उरकून टाकू. होळी आली की पहाडातले मजूर काठी गावच्या होळीला निघून जातात, मग गुऱ्हाळ आणि शेत दोन्हीकडे घरच्याच माणसांना राबावं लागतं. होळीपर्यंत जमलं नाही तर त्यांच्या नजरेत दुसरी एक मुलगी होती.

जमनाबाईने रेवाला विचारलं. रेवा ज्वारी पाखडत होती. सूप खाली न ठेवता ती आत्याला म्हणाली, "फुई, मी नही म्हनत नही. पन जागा माले दिनना उजेडमा दखाड. मंग मी हो म्हनसू."

जमनाबाईला वाटलं पोर भ्याली आहे. तिने समजावलं, की बाई, जागा बघायची नसते, तुझ्याच भल्यासाठी नसते. मेलेल्याच्या डोळ्यांची सगळी कथा सांगितली. रेवाने ती शांतपणे ऐकून घेतली आणि सूप झटकलं.

"उद्या पोरेसोरे व्हतीन, इचारतीन, माय तुन्हं लगीन कोठे लागनं," ती म्हणाली. "मी तेस्ले काय दखाडू?"

जमनाबाईने सुपातली ज्वारी मुठीत घेतली, सोडली, आणि म्हणाली, चल, दाखवते.

तिने भाईदासबाबांना काही सांगितलं नाही. वैरणीला जातो म्हणून दोघी गाडी घेऊन निघाल्या. नवरी आपल्या पाटाची जागा पसंत करायला निघाली आहे, असं त्या मुलखात तोवर कुणी ऐकलं नव्हतं. जमनाबाईला भीती होती आणि त्याहून जास्त उत्सुकता होती, की ही पोर बघते तरी काय.

पहिल्यांदा तिने वेशीबाहेरचा मारुती दाखवला. रेवाने देवाला हात जोडले, मागच्या भिंतीला वळसा घातला आणि म्हणाली की हा देव स्वतः बिनलग्नाचा, याला आपली अडचण कशाला. मग गुऱ्हाळाचं छप्पर दाखवलं. तिथे चुलाण धगधगत होतं, काहिलीत रस उकळत होता, वास असा की तोंडाला पाणी सुटावं. रेवाला ती जागा आवडली. तिने मजूर बायकांकडून उसाचं कांडं घेऊन खाल्लं, वर बघितलं, खाली बघितलं. पण हंगाम सरला की हे छप्पर काढून टाकतात, असं कळल्यावर ती गाडीत जाऊन बसली. शेवटी नाल्याकाठचा एक वड होता, जमनाबाईच्या नजरेत सगळ्यात उत्तम. आडोसा, सावली, वाटेपासून दूर. रेवाने विचारलं, मी सहा महिन्यांनी इथे आले तर कुणी काय म्हणेल? जमनाबाई म्हणाली, इथे कशाला येशील, इथे कुणी येत नाही. मग रेवा म्हणाली की जिथे पुन्हा येता येणार नाही ती जागा मला नको.

तेव्हा जमनाबाईच्या ध्यानात आलं की आपण आजवर नेमक्या अशाच जागा पसंत करत आलो. ते तिला बरं वाटलं नाही.

संध्याकाळी छगन गोठ्यात बैलांना वैरण टाकत होता. जमनाबाई दारात जाऊन उभी राहिली. तिने त्याला पोरीचं म्हणणं सांगितलं, तीन जागा कशा नापसंत झाल्या ते सांगितलं, आणि म्हणाली की आता मला माझी जागा कळल्याशिवाय मी हिला काही सांगू शकत नाही. शपथ घालणारा गेला, आता शपथ कुणासाठी पाळता? छगनने हातातली पेंढी सोडली, वैरण गव्हाणीत नीट पसरली, बैलाच्या पाठीवर हात ठेवला.

"आठेच," तो म्हणाला.

जमनाबाईला कळलं नाही. तिने विचारलं, आठे म्हणजे कुठे?

"तू उभी शे ना, तठेच. बाप म्हने गाडी गावले फेरा मारी लयी ये, म्हंजी तुन्हा पहिला नवराले वाट सापडाव नही."

तिला घराबाहेर काढून, नाल्यातून उतरवून, टेकाडावरून नेऊन, गावाला वळसे घालून गाडी छगनच्याच परसात आणली होती. गोठ्यात पाट लावला होता. मग पुन्हा तसंच फिरवून पुढच्या दाराने घरात घेतली होती. सतरा-अठरा वर्षं ज्या जागेचा ती टेकाडावर आणि नाल्यापलीकडे शोध घेत होती, तिथलं शेण ती रोज सकाळी काढत होती.

तिला आधी हसू आलं. मग असा राग आला की गव्हाणीतली पेंढी उचलून तिने छगनच्या अंगावर फेकली. सांगता येत नव्हतं का, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. छगनने अंगावरच्या काड्या झटकल्या नाहीत.

"सांगतू ते तू आठे पाय ठेवती का?" तो म्हणाला. "तुले काय सांगू, मालेच भ्याव वाटे. म्हनीसन तो उन्हायाभर मी आठे झोपे."

तो उन्हाळा जमनाबाई विसरली नव्हती. नवा संसार, आणि नवरा रोज रात्री घोंगडी घेऊन गोठ्यात झोपायला जाई. बैल आजारी आहे म्हणे. बैलाला काही झालेलं नाही हे तिला डोळ्यांनी दिसत होतं. मग ती समजली की दुसऱ्याच्या मागे राहिलेली बाई याच्या गळ्यात बांधली, म्हणून याला आपल्याजवळ यावंसं वाटत नाही. पुढे सगळं सुरळीत झालं, पारू झाली, पण तो सल तिने कुणाला न सांगता आत ठेवला होता. आणि हा माणूस तिच्या मेलेल्या नवऱ्याला दारात अडवायला गोठ्यात पहारा देत होता, तोही भीत भीत. जमनाबाई गव्हाणीच्या काठावर बसली आणि रडली. छगनला काय करावं सुचेना, म्हणून तो बैलाला थोपटत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने रेवाला गोठा दाखवला आणि सगळी हकीगत सांगितली. रेवाने चारी बाजूंनी बघितलं. भिंत पक्की होती, दारातून परस दिसत होतं, परसात शेवगा होता, आणि फुईच्या घरी कधीही येता येत होतं. ती म्हणाली, हीच जागा, आणि दिवसा.

भाईदासबाबांना हे सांगायला जमनाबाई स्वतः गेली. बाबा ओसरीवर पान लावत होते. त्यांच्या हातातलं पान तसंच राहिलं. "दिनले पाट लागस का कोठे?" ते म्हणाले. जमनाबाईने विचारलं की माझ्या वेळची गाडी कुणी हाकली होती? बाबा जरा ओशाळले, कारण हाकणारे तेच होते.

"इतला साल व्हयी गयात," ती म्हणाली. "तठे बैलं उनात, गायी उनात, मी उनू. दुसरं कोनी उनं नही."

बाबा हुशार माणूस. ते म्हणाले, तुला ठाऊक नव्हतं म्हणून तुझा पहिला नवराही आला नाही, आता तुला कळलं आहे, आता बघ. यावर दुसरी एखादी हरली असती. जमनाबाई म्हणाली, बरं, बघते. अवस जवळच होती. त्या रात्री तिने गोठ्यात खाट टाकली, आणि एकटीला झोप येईना म्हणून छगनलाही बोलावून घेतलं. दोघं तिथे झोपले. सकाळी भाईदासबाबा बातमी घ्यायला स्वतः चालत आले. बैलाने घोंगडी ओढून तिचं टोक चावलं होतं, त्याखेरीज काही घडलं नव्हतं. बाबांनी ते टोक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले की करा काय करायचं ते, मी मात्र बघणार नाही.

रूपसिंगला निरोप गेला. त्याच्या घरच्यांनी कुरकुर केली, पण तो म्हणाला की उजेडात असेल तर चांगलंच, पहिल्या लग्नात मी सगळा वेळ झोपलो होतो असं आई सांगते, या खेपेला बघायला मिळेल.

होळीच्या आधी, दुपार कलताना, गोठ्यात रेवाचा पाट लागला. बैल परसात बांधले होते, जमीन सारवली होती. रेवा स्वतःच्या पायांनी अंगण ओलांडून आली, डोक्यावर नुसता पदर होता. जमनाबाईने तिला बांगड्या भरल्या. रेवाने भिंती बघितल्या, आढं बघितलं, मग शेजारी बसलेल्या रूपसिंगला बघितलं, आणि त्यानेच मान खाली घातली. सवाष्णी कुंपणाबाहेर राहिल्या, पण कुंपण काट्यांचं होतं आणि त्यातून सगळं दिसत होतं, तेव्हा त्यांचं फार नुकसान झालं नाही. भाईदासबाबा गोठ्याकडे पाठ करून परसात बसले आणि गाठ मारली का, गूळ दिला का, पोरगी रडते का, असं दर थोड्या वेळाने विचारत राहिले.

म्हसावदची गाडी निघून गेल्यावर जमनाबाई गोठा झाडत होती. दारात रूपलीबाई उभी होती. ही गावातलीच, तीस-पस्तिशीची, पाटाचीच बायको. पाच-सहा वर्षांपूर्वी तिच्या डोक्यावर जमनाबाईनेच घोंगडी घातली होती. सगळी माणसं गेली तरी ती घुटमळत होती. आत येऊन तिने केरसुणी जमनाबाईच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः दोन हात झाडलं. मग मान वर न करता म्हणाली, "जमनाबाई, मन्हं कोठे लागनं व्हतं, ते तुले ठाऊक शे ना?"

जमनाबाईला ठाऊक होतं. रूपलीबाईचंच नव्हे, धुडकूच्या सुनेचं, आमशाच्या बहिणीचं, पलीकडच्या गावांतल्या कितीतरी जणींचं तिला ठाऊक होतं. एकेक जागा तिनेच पायाखाली घालून निवडली होती. छगनवर तिने पेंढी फेकली होती, आणि या बायकांनी तिच्यावर काय फेकावं, हा विचार तिला आत्ता पहिल्यांदा आला. रूपलीबाईने दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा तिने पाण्याचं निमित्त काढून तिला वाटेला लावलं होतं, हेही आठवलं. तिला स्वतःची लाज वाटली.

"चाल," ती म्हणाली.

दोघी नाल्याच्या वाटेने गेल्या. उन्हं उतरली होती, तरी चांगलं दिसत होतं. टेकाडाच्या अंगाला एका पडीक शेताच्या बांधावर जमनाबाई थांबली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. एक बाभूळ होती, खाली थोडी सपाट जागा, शेळ्यांच्या लेंड्या पडलेल्या. जमनाबाईने बोट दाखवलं, तू या बाजूला बसली होतीस, तो त्या बाजूला, तोंडं उगवतीकडे होती. एवढंच? असं रूपलीबाई म्हणेल, याची ती वाट बघत होती. रूपलीबाईने पायाने लेंड्या बाजूला सारल्या, पदर आवरला, आणि उगवतीकडे तोंड करून त्या सपाट जागेत, आपल्या बाजूला, नीट मांडी घालून बसली.